पाण्याचा हिशेब आणि हिशेबाची भाषा : मलिक अंबरच्या नहरीपासून संगणकीय जललेख्यापर्यंत

संस्थांचा कारभार निसर्गाला कमी भारभूत व्हावा म्हणून अंकीय तंत्रविद्येचा, म्हणजे लोकव्यवहारात ज्याला ‘डिजिटल’ म्हणतात त्या साधनांचा, उपयोग करावा असे प्रतिपादन अलीकडे सर्वत्र होत आहे. कागद वाचेल, वीज वाचेल, पाणी वाचेल आणि नासाडी वेळीच ध्यानात येईल, अशी त्यामागील अपेक्षा असते. ही अपेक्षा निराधार नाही. परंतु तिची चर्चा बहुधा यंत्रापासून सुरू होते आणि यंत्रापाशीच संपते. यंत्राच्या आधी नोंदवही होती, नोंदवहीच्या आधी तोंडी हिशेब होता, आणि यांपैकी प्रत्येक अवस्थेत मोजणारा कोण, मोजावयाचे कशात आणि मोजलेले वाचावयाचे कोणी, या तीन प्रश्नांची उत्तरे निरनिराळी होती. ही परंपरा ध्यानात घेतल्याविना शेवटच्या दुव्याचे मोल ठरविणे कठीण आहे.

या विचारासाठी औरंगाबादसारखे दुसरे स्थळ महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. सतराव्या शतकातील भूमिगत नहरी, विसाव्या शतकातील जायकवाडीचे धरण, जल व भूमि व्यवस्थापन संस्था, राज्यातील सिंचन प्रकल्पांचा जललेखा तयार करणारे कार्यालय आणि संगणकीय नियंत्रणावर उभारलेली नवी औद्योगिक नगरी, ही सर्व या एका परिसरात आढळतात. या शहराचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. प्रस्तुत निबंधात ज्या काळाचा उल्लेख आहे त्या काळचे नाव योजिले आहे. लेखक भाषेचा अभ्यासक असल्यामुळे पाण्याच्या कारभारातील शब्द हेच येथे मुख्य साधन मानले आहे. संस्थेने कोणती गोष्ट मोजण्याजोगी मानली होती, हे तिच्या शब्दांवरून जितके स्पष्ट कळते तितके तिच्या उद्दिष्टपत्रिकेवरून कळत नाही.

मलिक अंबराने १६१० च्या सुमारास खडकी हे नगर वसविले आणि पुढील दशकात त्याच्यासाठी नहर बांधविली. ‘नहर’ हा शब्द अरबी असून फारसी-दखनीच्या द्वारे तो येथे रूढ झाला. ‘हौद’ हा शब्दही त्याच वाटेने आला, मात्र तो मराठीत इतका मुरला की आज त्याचे परकेपण कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही. उत्तरेकडील डोंगरउतारावरील भूजल जमिनीखालच्या मार्गाने, केवळ उताराच्या बळावर, शहरातील हौदांपर्यंत आणावयाचे, ही या योजनेची मूळ कल्पना होय. औरंगजेबाच्या काळी व त्यानंतर अशा आणखी नहरींची भर पडली. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातील पाणचक्की हे या परंपरेचे आजही पाहावयास मिळणारे उदाहरण आहे. काही किलोमीटरांवरून आलेले पाणी तेथे उंचावरून पडे, जाते फिरवी, पीठ दळून देई आणि नंतर हौदात जाई. दळलेले धान्य तेथील फकिरांच्या व यात्रेकरूंच्या उपयोगी पडे.

या व्यवस्थेत पाण्याची मोजणी बांधकामाच्या पोटातच होती. नळीचे तोंड जेवढे तेवढेच पाणी येणार, झरा आटला की हौद आटणार, आणि हौद आटल्याचे कोणत्याही वाटसरूला दिसणार. निराळ्या नोंदीची गरज कमी होती, कारण पुरवठ्याची मर्यादा डोळ्यांना दिसत होती. म्हणून ती व्यवस्था न्याय्य होती असे मात्र समजू नये. महालाच्या बागेतील कारंजे आणि वस्तीतील हौद यांची वाटणी सत्ताच ठरवीत होती. आपल्या विषयाच्या दृष्टीने एवढेच महत्त्वाचे की, ज्या साधनाने पाणी येई त्याच साधनाने त्याची मर्यादाही कळत असे. पुढील काळात पुरवठा आणि मर्यादेची जाणीव यांची फारकत झाली आणि ती भरून काढण्याचे काम नोंदवहीकडे आले.

ही फारकत कालव्याच्या युगात घडली. १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पैठणजवळ जायकवाडी प्रकल्पाची कोनशिला बसविण्यात आली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. धरणाच्या पाण्याबरोबर मुंबई इलाख्यातील कालव्यांवर वाढलेली एक परिभाषाही गोदावरीच्या काठी आली. ‘पाळी’, ‘आवर्तन’, ‘शेजपाळी’, ‘पाणीपट्टी’, ‘पाटकरी’, ‘नमुना नंबर सात’ हे शब्द त्या परिभाषेतील होत. एका शेतामागून शेजारचे शेत अशा क्रमाने येणारी पाळी ती शेजपाळी. शेतकऱ्याने नमुना नंबर सातचा अर्ज भरून आपले पीक आणि क्षेत्र कळवावयाचे, खात्याने मंजुरी द्यावयाची आणि पाळ्यांची यादी लावावयाची, अशी तिची रीत.

या परिभाषेचे बारकाईने निरीक्षण केल्यास एक गोष्ट ताबडतोब नजरेत भरते. तिच्यात पिकाला शब्द आहे, क्षेत्राला आहे, क्रमाला आहे आणि करालाही आहे. पाण्याच्या घनमानाला मात्र शेतकऱ्याच्या कागदावर जागा नाही. पट्टी आकारावयाची ती पीक आणि क्षेत्र पाहून. त्यामुळे एका हेक्टर उसाला किती पाणी दिले हा प्रश्न हिशेबात उपस्थितच होत नसे. दुप्पट पाणी घेतले तरी पट्टी तीच, आणि निम्मे वाचविले तरीही तीच. काटकसर न करण्यामागे अज्ञान किंवा स्वार्थ होता असे म्हणण्यापूर्वी, काटकसर नोंदविण्यास वहीत रकानाच नव्हता हे ध्यानात घेतले पाहिजे. ज्या गोष्टीला रकाना नाही ती गोष्ट संस्थेच्या लेखी घडतच नाही.

हा रकाना निर्माण करण्याचा प्रयत्न संगणकाच्या आधीच सुरू झाला होता. नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पावर ओझर परिसरातील शेतकऱ्यांनी १९९० च्या दशकात पाणीवापर संस्था स्थापून घनमापन पद्धतीने पाणी घेण्यास आरंभ केला. संस्थेने मोजून पाणी घ्यावयाचे, त्याचे पैसे भरावयाचे आणि आपल्या सभासदांत ते वाटावयाचे. एकक बदलताच वागणूक बदलली, कारण वाचविलेले पाणी आता हिशेबात वाचलेले दिसू लागले. येथे वापरलेले साधन म्हणजे चारीच्या तोंडाशी बसविलेला प्रवाहमापक आणि त्यावरील मोजपट्टी. ती मोजपट्टी संस्थेच्या प्रतिनिधीला स्वतः वाचता येई. अंकीय साधनांची चर्चा करताना हे उदाहरण विसरता कामा नये. तेथे यंत्र साधे होते, तथापि मोजणीचे एकक आणि वाचकाचा अधिकार या दोन्ही गोष्टी बदललेल्या होत्या.

राज्यपातळीवर हा बदल १९९९ ते २००५ या काळात आकारास आला. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाचा अहवाल १९९९ मध्ये सादर झाला. २००३ मध्ये राज्याचे जलनीती-विधान आले. २००५ मध्ये महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम आणि महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम असे दोन कायदे झाले, आणि घनमापन पद्धतीला वैधानिक पाया लाभला. याच सुमारास जलसंपदा विभागाने आपल्या प्रकल्पांचे तुलनात्मक अहवाल आणि २००३-०४ या वर्षापासून जललेखा अहवाल प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. हे जललेखे औरंगाबाद येथील मुख्य लेखापरीक्षक, जल व सिंचन यांच्या कार्यालयात तयार होऊ लागले. एखाद्या राज्याने आपल्या धरणांच्या पाण्याचा वर्षाचा जमाखर्च छापून लोकांसमोर ठेवावा, ही आपल्या देशात तोवर अपूर्व अशी गोष्ट होती.

या अहवालांची भाषा स्वतंत्र अभ्यासास योग्य आहे. तुलनात्मक अहवालासाठी ‘स्थिरचिन्हांकन’ हा शब्द घडविण्यात आला. भूमापनात उंची मोजण्यासाठी दगडावर कोरलेली खूण म्हणजे स्थिरचिन्ह. त्यावरून, ज्याच्याशी ताडून पाहावे असा मापदंड, हा लाक्षणिक अर्थ घेतला गेला. शब्द निर्दोष असला तरी तो कार्यालयाच्या उंबरठ्याबाहेर पडला नाही. याउलट ‘दशलक्ष घनमीटर’ या पदसमूहाचे ‘दलघमी’ असे संक्षिप्त रूप कार्यालयात जन्मून वृत्तपत्रांतही रुळले, आणि त्याच्या जोडीला ‘टीएमसी’ व ‘क्युसेक’ हे इंग्रजी संक्षेप गावोगाव पोहोचले. ‘मृत साठा’ आणि ‘जिवंत साठा’ ही जोडी तर दुष्काळी वर्षांत प्रत्येक घरात उच्चारली जाते. जायकवाडीचा एकूण साठा २,९०९ दलघमी, त्यांपैकी उपयुक्त, म्हणजेच जिवंत, २,१७१ दलघमी आणि उरलेला ७३८ दलघमी मृत. कालव्याच्या दारापर्यंत जे पाणी चढत नाही ते मृत. प्रत्यक्षात टंचाईच्या काळी पिण्यासाठी त्याच मृत साठ्याला हात घालावा लागतो. ही संज्ञा स्थापत्यशास्त्राच्या दृष्टीने अचूक आहे आणि अनुभवाच्या दृष्टीने विपरीत.

आता अंकीय साधनांनी नेमकी भर कोणती घातली, हे पाहू. जलाशयातील पाणी कोणी प्रत्यक्ष मोजीत नाही. पातळी मोजली जाते, आणि अमुक पातळीला अमुक साठा असे सांगणाऱ्या कोष्टकावरून साठा ठरविला जातो. धरणात गाळ साचत जातो तसतसे हे कोष्टक खोटे होत जाते, परंतु कागदावर ते जसेच्या तसे राहते. गाळाचे प्रत्यक्ष सर्वेक्षण खर्चाचे आणि वेळखाऊ असते. उपग्रहाच्या प्रतिमांमुळे निराळा मार्ग मोकळा झाला. पाणी ओसरत असताना निरनिराळ्या पातळ्यांना जलाशयाचा पृष्ठभाग किती पसरला आहे हे प्रतिमेवरून काढावयाचे, लागोपाठच्या दोन पातळ्यांमधील घनफळ मांडावयाचे आणि जुने कोष्टक दुरुस्त करावयाचे. नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत अशा पद्धतीने गाळाचा अभ्यास होत आला आहे. त्याचप्रमाणे जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात, २००६ ते २०१४ या काळात, कृष्णा-भीमा खोऱ्यासाठी पर्जन्य व पातळी यांची तात्काळ माहिती देणारी यंत्रणा उभारण्यात आली. या साधनांनी पाण्याचा एकही थेंब वाढविला नाही. परंतु आपल्याजवळ जे आहे असे आपण समजतो आणि जे खरोखर आहे, त्यांतील अंतर त्यांनी कमी केले. संस्थेच्या पर्यावरणविषयक वर्तनाचा आरंभ या अंतरापासून होतो.

या अंतराचे सार्वजनिक दर्शन २०१२ मध्ये घडले. त्या वर्षीच्या राज्याच्या आर्थिक पाहणीतील आकड्यांवरून, दशकभरात सिंचनावर सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्च होऊनही सिंचित क्षेत्राचे प्रमाण केवळ ०.१ टक्क्याने वाढले, असा अर्थ निघाला आणि मोठा राजकीय वादंग उसळला. नोव्हेंबर २०१२ मध्ये शासनाने श्वेतपत्रिका काढली. त्यानंतर पुढील अनेक वर्षांच्या आर्थिक पाहणीत सिंचनाच्या त्या प्रमाणासमोर ‘उपलब्ध नाही’ असे छापले जाऊ लागले. संगणक, उपग्रह आणि संकेतस्थळे यांची वाढ होत असतानाच एक आकडा नाहीसा व्हावा, ही घटना विचार करावयास लावणारी आहे. ‘उपलब्ध नाही’ या दोन शब्दांत कर्ता नाही. कोणी मोजले नाही, की मोजून दिले नाही, की मोजण्याच्या रीतीविषयी मतभेद झाला, हे ती वाक्यरचना सांगत नाही. मराठीच्या व्याकरणाने प्रशासनाला दिलेली ही सोय कोणतेही यंत्र काढून घेऊ शकत नाही.

आकड्याचे महत्त्व किती असते हे लगेच पुढील वर्षांत प्रत्ययास आले. जायकवाडीच्या वरच्या बाजूस नाशिक-अहमदनगर भागातील धरणे भरतात आणि खाली मराठवाडा कोरडा राहतो, अशी तक्रार दीर्घकाळ चालू होती. २०१३ मध्ये मेंढेगिरी समितीने वरच्या व खालच्या धरणांतील साठ्यांचा मेळ घालणारी पद्धत सुचविली. १५ ऑक्टोबर रोजी जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असल्यास वरून पाणी सोडावे, असे तिचे सूत्र होते. प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ च्या आदेशात हे सूत्र स्वीकारले आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. पुढे याच आकड्याच्या फेरविचारासाठी अभ्यासगट नेमण्यात आला. अशा रीतीने पातळीची एक नोंद शेकडो गावांच्या रब्बी हंगामाचा निर्णय करू लागली. कोष्टकात गाळ धरला आहे की नाही, बाष्पीभवन किती मानले आहे, वाटेतील घट कशी मोजली आहे, हे तांत्रिक तपशील आता न्यायाचे प्रश्न झाले. औरंगाबादच्या जल व भूमि व्यवस्थापन संस्थेत अध्यापन केलेले प्रदीप पुरंदरे यांनी मोजणी आणि कायद्याची अंमलबजावणी यांचा परस्परसंबंध वर्षानुवर्षे मांडला आहे, त्याचे मर्म हेच होय.

दुष्काळाच्या २०१६ सालच्या उन्हाळ्यात हा प्रश्न कारखान्यांपर्यंत आला. एप्रिल महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात प्रथम ५० टक्के व नंतर ६० टक्के, आणि इतर उद्योगांच्या पाण्यात त्याहून कमी प्रमाणात कपात करण्याचा आदेश दिला. येथे एक साधी परंतु मूलभूत गोष्ट लक्षात येते. पन्नास टक्के कपात करावयाची तर शंभर टक्के किती हे आधी ठाऊक असावे लागते. कारखान्याच्या नळाला मापक होता म्हणून कपात शक्य झाली. ज्या वापराला मापक नाही त्याच्यावर कपातीचा आदेश काढला तरी तो अंमलात आला की नाही हे सांगता येत नाही. मापलेला ग्राहक भार उचलतो आणि न मापलेला सुटतो, ही विषमता अर्धवट मोजणीतून निर्माण होते. अंकीय साधने केवळ सुसज्ज संस्थांच्या दारी बसविली तर ती विषमता वाढेल, हा इशारा त्यात आहे.

शहराच्या पाण्याचा विचार केला तर पाणी आणि वीज हे दोन हिशेब एकच असल्याचे दिसते. जायकवाडी जलाशयाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर, आणि शहराची उंची सुमारे ५६८ मीटर. म्हणजे प्रत्येक घनमीटर पाणी १०० मीटरांहून अधिक उचलावे लागते. पदार्थविज्ञानाच्या साध्या गणिताने १ घनमीटर पाणी १०० मीटर चढविण्यास ०.२७ युनिट वीज लागते. पंपाची व वाहिनीची घट धरली तर ती याच्या दीडपटीच्या आसपास जाते. वाटेत गळालेल्या प्रत्येक घनमीटराबरोबर ही वीजही मातीत जाते. एके काळी याच शहरात पाणी उतरता उतरता जाते फिरवीत होते. आज ते चढविण्यासाठी वीज खर्ची पडते. म्हणून प्रवाहमापक, दाबमापक आणि त्यांची नोंद एका ठिकाणी आणणारी संगणकीय यंत्रणा यांचा येथे खराखुरा उपयोग आहे. दोन मापकांमधील फरक रात्रीच्या वेळी, वापर कमी असताना, वाढलेला दिसला तर गळती त्या दोन ठिकाणांमध्ये आहे, इतके सरळ हे अनुमान आहे.

तरीही मापकाचा नागरिकांनी केलेला स्वीकार निव्वळ तांत्रिक गुणावर अवलंबून नसतो. २०१४ ते २०१६ या काळात शहराचा पाणीपुरवठा एका खाजगी कंपनीकडे सोपविला गेला होता. समांतर जलवाहिनी असे त्या योजनेचे नाव, आणि लोकांच्या तोंडी नुसते ‘समांतर’. एक भूमितीतील विशेषण वादाचे नाव बनले. नळाच्या मापकाकडे बचतीचे साधन म्हणून न पाहता देयक वाढविण्याचे साधन म्हणून पाहिले गेले, आणि २०१६ मध्ये तो करार महापालिकेने रद्द केला. काही दिवसांच्या अंतराने पाणी मिळणाऱ्या कुटुंबाला मोजणीचा लाभ दिसत नाही, तिचा खर्च मात्र दिसतो. याच्या उलट टोकाला शेंद्रा-बिडकीन येथील औरिक ही औद्योगिक नगरी आहे. सुमारे १० हजार एकरांवर आखलेल्या या नगरीचे औपचारिक उद्घाटन सप्टेंबर २०१९ मध्ये झाले. तेथे पाणी, वीज व सांडपाणी यांच्या वाहिन्या जमिनीखालून नेऊन त्यांचे निरीक्षण संगणकीय नियंत्रणकक्षातून करण्याची योजना प्रारंभापासूनच अंतर्भूत आहे. एकाच जिल्ह्यात मोजणीचे हे दोन अनुभव शेजारी शेजारी नांदत आहेत. नव्या नगरीतील यशावरून जुन्या शहराला धडा देण्यापूर्वी, तेथे मापक आधी आला आणि वस्ती नंतर, हा भेद ध्यानात ठेवावा.

अंकीय साधनांचा स्वतःचाही पर्यावरणावर भार असतो. संगणकाला वीज लागते, मोठ्या विदाकेंद्रांना थंड ठेवण्यासाठी पुष्कळदा पाणी लागते आणि निकामी झालेली उपकरणे कचरा होऊन उरतात. अशा कचऱ्याविषयीचे केंद्र शासनाचे नवे नियम एप्रिल २०२३ पासून अंमलात आले आहेत. जी मोजणी कोणी वाचत नाही आणि जिच्यावरून कोणताही निर्णय होत नाही, तिची यंत्रे हा निव्वळ भारच म्हटला पाहिजे.

यावरून ‘वाचावयाचे कोणी’ या तिसऱ्या प्रश्नाकडे आपण येतो. नहरीच्या काळी रिकामा हौद कोणालाही वाचता येत होता. शेजपाळीच्या यादीतील आपली पाळी शेतकऱ्याला वाचता येत होती, परंतु तिच्यात घनमान नव्हते. प्रवाहमापकाची पट्टी संस्थेच्या सभासदाला वाचता येते आणि तिच्यात घनमानही आहे. संगणकाच्या पडद्यावरील आलेखात सर्व काही असते, मात्र तो पडदा बहुधा इंग्रजीत, कार्यालयाच्या आत आणि दलघमीच्या एककात असतो. शेतकरी पाणी मोजतो ते पाळीच्या दिवसांत आणि चारीतील उंचीत. गृहिणी मोजते ते हंड्यांत, टाकीत आणि दोन पुरवठ्यांमधील दिवसांत. नियंत्रणकक्षातील आकडा या एककांत उतरविणे मुळीच अवघड नाही. अमुक चारीला या आवर्तनात किती तास पाणी आले आणि मंजूर किती होते, अमुक वस्तीच्या टाकीत आज किती पाणी चढले आणि किती बाहेर पडले, एवढे मराठीत आणि त्याच दिवशी प्रसिद्ध झाले, तर घेणाऱ्याला देणाऱ्याचा आकडा आपल्या अनुभवाशी ताडून पाहता येईल. चुकीच्या नोंदीची दुरुस्ती करणारा याहून स्वस्त परीक्षक कोणत्याही संस्थेला मिळणार नाही.

सारांश, या परिसराच्या चार शतकांच्या अनुभवावरून तीन विधाने करता येतात. पहिले असे की, संस्थेच्या नोंदीत ज्या एककाला रकाना असतो त्याच गोष्टीची काटकसर होते. क्षेत्रावरून घनमानाकडे झालेला बदल हा म्हणूनच संगणकापेक्षा मूलगामी होता. दुसरे असे की, अंकीय साधनांचे खरे कार्य जुन्या कोष्टकांतील भ्रम दूर करणे आणि गळती वेळेवर दाखविणे हे असून, त्यासाठी मोजणी सर्व ग्राहकांना सारखी लागू असली पाहिजे. तिसरे असे की, नोंद ज्याच्याविषयी आहे त्याला ती स्वतःच्या भाषेत व स्वतःच्या मापात वाचता आली नाही, तर ‘उपलब्ध नाही’ हे उत्तर देणे संस्थेला नेहमीच सोपे राहील. जललेख्याच्या परिभाषेचा एक सुबोध कोश तयार करणे, आणि पाणीवापर संस्थांच्या सभासदांशी चर्चा करून त्यातील शब्द तपासून घेणे, हे काम मराठवाड्यातील विद्यापीठीय भाषाविभागांना सहज हाती घेता येण्यासारखे आहे. पाण्याच्या कारभारात भाषेच्या अभ्यासकाचा वाटा एवढाच, परंतु तो दुसऱ्या कोणी उचलावयाचा नाही.